जवभर कमी

आमच्या घरात चित्र काढणं पुरुषांचं आणि कागद घोटणं बायकांचं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पाया आपला, पाटी त्यांची." मी या घरात आले तेव्हा घोटणी कशी धरतात तेही मला माहीत नव्हतं. पण पहिल्याच वर्षात त्यांच्यापेक्षा बरा कागद घोटायला लागले, आणि हे त्यांनी मान्य केलं होतं. तोंडावर नाही. तोंडावर कुणाचं कौतुक करायचं नाही ही त्यांची शिस्त होती. ती मीही पाळत आले आहे.

घोटणं म्हणजे काय, ते सांगते. कागदाला खळ लावायची, सावलीत वाळवायचा आणि गुळगुळीत फळीवर पालथा टाकून अकीकाच्या दगडानं घासायचा. दगड कोंबडीच्या अंड्याएवढा, लाकडी मुठीत बसवलेला; हीच घोटणी. सुरुवातीला कागद कुरकुर करतो. मग आवाज बारीक होत जातो आणि एका क्षणी कागद गप्प होतो. गप्प झाला की हात थांबवायचा. त्यानंतर जोर लावलात तर कागद ताणला जातो, पसरतो आणि चौकटीत बसेनासा होतो. माणसांचंही तसंच आहे म्हणा.

माझ्या मुलानं ब्रश धरलाच नाही. तो चौकटी बनवतो. "चितारी घराण्यात जन्मलास आणि चित्रांना कुंपणं घालत बसलास," असं मी म्हटलं की तो म्हणतो, "अगं आई, कुंपण नसलं तर जनावर पळून नाही का जाणार?" बाप गेल्यापासून एवढा एकच विनोद त्याच्याकडे शिल्लक आहे. ब्रश घरात परत आला तो सुनेच्या ट्रंकेतून. चित्रकला शिकलेली, बोलायला कमी आणि हसायला मोकळी. पुढच्या खोलीतल्या खिडकीशी बसून ती काम करायची. उजव्या हातात ब्रश, आणि डाव्या हाताच्या तळव्यावर हनुवटी टेकून मांजर झोपलेलं.

मांजर झोपलेलं नसलं तर त्या डाव्या हाताला घडीभर चैन नसायची. बोलताना टेबलावर ठेका धर, मीठदाणी गोल फिरव, माझ्या लोकरीच्या गुंड्याचं टोक ओढ. "तो हात नाही, माकड आहे," मी म्हणायची. "एक दिवस बांधून ठेवीन त्याला."

"बांधा की, आई," ती म्हणायची. "पण तुमचाच लोकरीचा गुंडा वापरा, त्याला सवय आहे."

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढे याचा पुरावा माझ्याशिवाय कुणाजवळच राहिला नाही.

संग्रहालय आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. विटांची लांबट इमारत, उंच खिडक्या, आत शिरलं की कापराचा आणि जुन्या लाकडाचा वास. गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा बांधलेली. खाली भुसा भरलेली जनावरं, वर खणच खण. खण ओढला की आत पक्षी ओळीनं उताणे निजलेले, डोळ्यांच्या जागी कापूस, पायाला चिठ्ठी. या पक्ष्यांची चित्रं काढणारा माणूस आमच्या घरातला. माझ्या सासऱ्यांचे पणजोबा. घरात त्यांना सगळे 'थोरले' म्हणतात.

ज्या साहेबाकडे थोरले कामाला होते तो सैन्यातला डॉक्टर, पण त्याचं चित्त जखमांपेक्षा जंगलात जास्त. शिकारी पाखरं धरून किंवा पाडून आणायचे, थोरले ती समोर ठेवून चितारायचे, आणि साहेब चित्रावर कर्कटक लावून बघायचा. चोच एवढी, पंख एवढा, शेपूट एवढं. चित्रात दुसरं काही नसायचं. पांढरा कागद आणि मधोमध पक्षी. पायाखाली फांदी नाही, मागे आभाळ नाही. फांदीचं चित्र वेगळं, फळाचं वेगळं, फळातल्या अळीचं वेगळं. मला विणकामाची सवय, त्यामुळे ती चित्रं बघितली की एकच वाटायचं. कुणीतरी अंगावरचा स्वेटर उसवून लोकरीचे गुंडे रंगाप्रमाणे कपाटात लावून ठेवलेत. गुंडे सुरेख, काढायला एक खोट नाही. पण थंडी वाजली तर गुंडे पांघरता येत नाहीत.

थोरल्यांचा एक नियम होता. चित्र जिवाच्या मापाचं काढायचं असेल तर ते जवभर कमी काढायचं. एका जवाच्या दाण्याएवढं. बघणाऱ्याला कळू नये, पण माप भरू नये. सासूबाईंनी मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी विचारलं, "भरलं तर काय होतं?"

"भरलं की ते तिकडचं होतं," त्या म्हणाल्या. "इकडे राहत नाही."

मी हसले होते. संग्रहालयाच्या जिन्यात साहेबाचं स्वतःचं उभं चित्र आहे, अगदी माणसाच्या उंचीचं, बुटांसकट. "त्याचंही माप भरलेलं दिसतंय," मी म्हटलं. "तोही गेलाच की." सासूबाई हसल्या नाहीत. पण त्या तशाही हसत नसत.

गंमत अशी की संग्रहालयातल्या मोठ्या बाईंनाही हे माहीत होतं. शिकलेल्या, शांत बाई, भिंग गळ्यात अडकवून हिंडतात. त्यांनी मला एकदा दाखवलं. खणातले पक्षी मोजले तर थोरल्यांची सगळी चित्रं किंचित लहान भरतात. "कागद वाळताना आकसतो, काकू," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. मी आयुष्यभर कागद आकसताना बघितला आहे.

"एकच चित्र असं आहे," बाई म्हणाल्या, "की जे केसाइतकंही आकसलं नाही."

ते हिरव्या पाखराचं. छाती पिवळसर, डोळ्याभोवती निळं कडं, आणि ते एका बाईच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर बसलेलं. हात मनगटाशी संपतो. पाखराचा आकार कळावा म्हणून साहेबानं हात काढायला लावला होता. आमच्या घरात असं सांगतात की या चित्राच्या वेळी साहेबाला जवभराची चोरी कळली आणि तो थोरल्यांच्या डोक्याशी कर्कटक घेऊन उभा राहिला, चित्र पुरं होईपर्यंत. नंतर ते पाखरू या मुलखात कुणाला दिसलं नाही. खणात एकच आहे, उताणं. मोठ्या बाई म्हणाल्या, "रेल्वेसाठी तो सगळा डोंगर तोडला ना. पाखरू राहणार कुठे?" तेही मला पटलं.

हात कुणाचा, हे कुठे लिहिलेलं नाही. थोरल्यांच्या बायकोचाच असणार, दिवसभर हात धरून दुसरं कोण उभं राहील? पण तिच्याबद्दल आमच्या घरात एक अक्षर नाही. नाव नाही, माहेर नाही, ती तापानं गेली की बाळंतपणात, काही नाही. थोरल्यांच्या लाकडी पेटीपासून त्यांच्या तिरसटपणापर्यंत सगळं पिढीजात चालत आलं, आणि बायको तेवढी नाही. मी एकदा सासूबाईंना विचारलं. "त्यांना बायको नव्हती गं बहुतेक," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या हातातली घोटणी थांबली. मुलं होती, त्याशिवाय हे घर कुठून आलं असतं? त्यांनी विषय बदलला.

त्या चित्राला कसर लागली. कसर म्हणजे कागद खाणारा तो चंदेरी किडा. त्यानं पाखराला तोंडही लावलं नाही, पण हात पोखरून टाकला. पाखराच्या नखांखाली नुसतं भोक. मोठ्या बाईंना थोरल्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं आणि हे चित्र त्यांना मधोमध हवं होतं. घोटलेला कागद माझ्याकडून घेतला, आणि भोकाच्या आकाराचं ठिगळ बसवून त्यावर हात रंगवायचं काम सुनेला दिलं. पहिल्यांदाच तिला संग्रहालयाचं एवढं मोठं काम मिळालं होतं. प्रदर्शनात पाटीवर तिचं नाव लागणार होतं. आमच्या घरातल्या बाईचं नाव पाटीवर! मी तोंडानं काही म्हटलं नाही, पण त्या दिवशी कागद मी तीनदा पारखून दिला.

साहेबाच्या छापील पुस्तकात त्या हाताची बाह्यरेघ आणि माप होतं. सुनेनं कर्कटक घेऊन आपला डावा हात मोजला आणि ओरडलीच.

"आई, हे बघा! माझाच हात आहे हा. मनगटापासून नखापर्यंत, तोच."

"एवढं हरखायला काय झालं? हातासारखा हात असतो," मी म्हटलं. "जवभर कमी कर म्हणजे झालं."

"कमी कसं करू? बाई माप लावून बघणार."

"मग पुरा कर. मी काय थोरल्यांची हस्तक आहे?"

एवढंच बोलणं झालं. तिनं डावा हात समोर उशीवर ठेवला, तर्जनी वाकवली आणि उजव्या हातानं रंगवायला सुरुवात केली. मांजराला हनुवटी टेकायला जागा उरली नाही, ते चिडून कपाटावर जाऊन बसलं. काम संपलं तेव्हा मोठ्या बाई भिंग घेऊन आल्या, कर्कटकाची दोन टोकं मनगटावर आणि तर्जनीच्या नखावर टेकवली, पुस्तकाशी ताडून बघितली आणि म्हणाल्या, "केसाचाही फरक नाही." सुनेचा चेहरा फुलला. चित्र संग्रहालयात गेलं.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या डाव्या हातात कप दिला आणि तो फुटला. "लक्ष कुठे आहे?" मी म्हटलं. ती फरशीवरच्या चहाकडे बघत होती. कप हातातून निसटला की माणूस हाताकडे बघतो. तिनं हाताकडे बघितलंच नाही.

मग किटली. ती चुलीपाशी उभी होती आणि तिचा डावा हात तापलेल्या किटलीला चिकटून राहिलेला मला दिसला. मी धावत जाऊन तो ओढला. अंगठ्याच्या मुळाशी लाल चंद्रकोर उमटली होती. "अगं, कळलं नाही तुला?"

"काय, आई?" ती म्हणाली.

मी मलम लावलं. ती उजव्या हातानं भाजी ढवळत राहिली, जणू मी दुसऱ्याच कुणाला मलम लावत होते.

मांजर तिच्या टेबलावर यायचं, जुन्या जागी दोन फेऱ्या मारायचं आणि टेकायला काही न सापडल्यासारखं निघून जायचं. हात तिथेच तर असायचा. मी बघितला की असायचा. नजर दुसरीकडे वळवली की मला खात्रीनं सांगता येत नसे.

तिचं घड्याळ मला साबणाच्या वडीशेजारी सापडलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या मुलानंच दिलेलं. नेहमी डाव्या मनगटावर. मी ते तिच्यापुढे धरलं.

"कुणाचं हो, आई?" ती म्हणाली. "मी घड्याळ कुठे वापरते?"

मी मुलाकडे बघितलं. तो चौकटीला कानस लावत होता. "ती कधी घालायची, आई?" तो म्हणाला. "एका हातानं पट्टा लावता येतो का कुणाला?"

मला वाटलं दोघं मिळून माझी थट्टा करताहेत. म्हातारीला येडं ठरवायचे हे नवे प्रकार. मी चांगलं फैलावर घेतलं दोघांना. ती बिचारी गोंधळून रडायला लागली, आणि डोळे पुसले ते उजव्या हातानं, आधी एक, मग दुसरा.

पाव आणायला गेले तर दुकानातली पाववाली मला म्हणाली, "तुमच्या सुनेचं खरंच कौतुक आहे हो. एवढी चित्रं काढते, घर बघते. जन्मापासूनच एक हात का?"

"तुझी जीभ जन्मापासूनच एवढी लांब का?" मी म्हटलं आणि पाव न घेताच बाहेर आले.

थंडी पडायला लागली होती. मी तिच्यासाठी हातमोजे विणायला घेतले. तिला आवडतो तो गर्द निळा रंग. हा माझा हट्टच होता म्हणा, की जोडी विणीन, दोन्ही घालीन, मग बघू कोण काय म्हणतंय. उजवा झाला. डाव्याचे टाके घातले, हे मला लख्ख आठवतं, कारण अंगठ्याशी मी एकदा उसवून पुन्हा विणलं होतं. संध्याकाळी सुयांतून उतरवला, लोकर तोडली, आणि मांडीवर बघितलं तर एकच मोजा. उजवा. पिशवीत निळ्या लोकरीचा गुंडा होता तेवढाच होता.

आणि मग मला जे वाटलं ते सगळ्यांत वाईट होतं. मला वाटलं, बरोबर आहे की. एकच तर लागतो.

मग माझं मलाच ऐकू आलं. तो हात नाही, माकड आहे. एक दिवस बांधून ठेवीन त्याला. इतकी वर्षं मी कुणाच्या हाताला नावं ठेवत होते? नसलेल्या हाताला शिव्या घालायला मी काही खुळी नाही. मी ते वाक्य तोंडानं म्हणत राहिले, पुन्हा पुन्हा, पाढे म्हणावेत तसं. मोजा विणताना हात चुकला असेल, पण जीभ चुकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं टेबल मांडलं. नेहमीसारखा पाव, नेहमीसारखं लोणी. ताटल्या दोन.

"दोनच का रे?" मी विचारलं.

"तू आणि मी," तो म्हणाला. "आणखी कोण आहे?"

ती त्याच्या समोरच बसली होती. हात मांडीवर, नजर ताटली नसलेल्या जागेवर. रागावलीही नव्हती. तो पाव कापता कापता थांबला, तिच्याकडे बघितलं, आणि पाहुणा विसरल्यावर माणूस म्हणतो तसं म्हणाला, "अरे हो." उठून तिसरी ताटली आणली. हसला. ती पण हसली.

मला माझ्या सासूबाईंची थांबलेली घोटणी आठवली. त्यांना बायको नव्हती गं बहुतेक.

मी उठले, घोटणी पिशवीत टाकली आणि सुनेला म्हटलं, "कोट घाल. चल माझ्याबरोबर."

"कुठे, आई?"

"प्रश्न नकोत. आणि माझा हात सोडायचा नाही." मी तिचा डावा हात धरला. तो थंड होता आणि त्याला वजन नव्हतं, पण माझ्या बोटांत काहीतरी होतं. संग्रहालयापर्यंत मी तो धरूनच चालले.

प्रदर्शन उद्यावर आलं होतं. वरच्या मजल्यावर लांब टेबलावर चित्रं मांडली होती, खिडक्यांतून सकाळचं पांढरं ऊन येत होतं. मोठ्या बाई पुढे आल्या. "या, काकू. एकट्याच आलात?"

सून माझ्या शेजारी उभी होती. "पाखराच्या चित्राचा कागद खडबडीत राहिलाय, ठिगळाशी," मी म्हटलं. "एकदा शेवटचा घोटून देते."

"ठिगळ?" बाईंनी भुवया वर केल्या. "त्याला कुठे ठिगळ आहे? ते तर सगळ्यांत धड राहिलेलं चित्र. कसर शिवलीसुद्धा नाही त्याला."

मी त्या बाईंच्या डोळ्यांत बघितलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलणारी माणसं मी ओळखते.

"मग माझ्या डोळ्यांचा दोष," मी म्हटलं. "पण घोटू द्या. थोरल्यांच्या घरची आहे, तेवढा हक्क द्या." त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही कोण म्हणणार?" आणि पलीकडच्या टेबलाकडे गेल्या.

मी चित्रावर वाकले. ठिगळाचा सांधा मी शोधला, टेबलावरच्या भिंगानं शोधला, बोटानं शोधला. नव्हता. पाखराखाली हात होता, जिवंत माणसाचा असतो तसा, आणि अंगठ्याच्या मुळाशी लाल चंद्रकोर होती.

किटलीचा तो चटका चित्र दिल्यानंतरचा होता.

मी टेबलावर मऊ कागद अंथरला, चित्र पालथं टाकलं, पाठीला ओलसर फडका फिरवला आणि दगड टेकवला. मनगटाकडून बोटांकडे. कागद कुरकुरला. मग आवाज बारीक झाला. मग गप्प झाला.

आयुष्यात पहिल्यांदाच मी तिथे थांबले नाही.

दगडाखाली कागद कोमट लागायला लागला. मी जोर लावला. जवभर कमी करणं माझ्या हातात नव्हतं, ते ब्रशवाल्यांचं काम. जवभर जास्त करणं माझं; कमी काय नि जास्त काय, माप मोडलं की झालं. तर्जनीवर दगड नेला, तिथून पाखराच्या पायांवर, छातीवर. नुसता हात ताणून भागणार नव्हतं, कागद एकच होता, पाखराचंही माप मोडावं लागणार होतं.

"आई," सून म्हणाली.

मी थांबले नाही.

"आई, दुखतंय."

"कुठे?"

"हातात. डाव्या. आई, फार दुखतंय हो."

"दुखू दे," मी म्हटलं. "दुखतंय म्हणजे आहे."

तिनं ओठ दाबून धरले. माझ्या कपाळाचा घाम टेबलावर पडत होता. दगडाखाली काहीतरी फडफडल्यासारखं झालं, एकदाच, कागद सुटून वर यावा तसं. मग हाताला नुसता कागद लागला. गार, सपाट, साधा कागद.

"अरे, तुम्ही पण आलात का?" मागून मोठ्या बाई सुनेला म्हणत होत्या. "बरं झालं. पाटीवर तुमचं नाव कसं लिहायचं ते विचारायचंच होतं. ठिगळाचा सांधा कुठे शोधूनही सापडत नाही, इतकं सुंदर काम झालंय."

सून आपला डावा हात छातीशी धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

मोठ्या बाईंनी चित्र सुलटं केलं, सवयीनं कर्कटक लावलं आणि त्यांची भिवई हलली. "जरासं वाढलंय," त्या म्हणाल्या. "हवेत ओल आहे ना, काकू. कागद फुगतो."

"फुगतो," मी म्हटलं.

प्रदर्शन झालं. पाटीवर नाव लागलं. माझ्या मुलानं ती चौकट स्वतः केली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला, "बायकोचं काम आहे." टेबलावर तीन ताटल्या असतात. घड्याळ मनगटावर आहे. पाववालीला विचारलं तर म्हणाली, "एक हात? कुणाचा? काहीतरीच बाई तुमचं." मी डावा मोजा विणला, आणि या वेळी तो सुयांतून उतरला तेव्हा मांडीवर डावाच होता.

सून तो घालत नाही.

तिच्या तर्जनीवर बारीक ओरखडे आहेत, वरून तीन आणि खालून एक. भरत आले की पुन्हा ताजे होतात. मी विचारत नाही. आणि त्या हाताचं माकडपण गेलं आहे. तो ठेका धरत नाही, मीठदाणी फिरवत नाही. ती खिडकीशी बसून उजव्या हातानं चित्रं काढते आणि डावा तसाच अंगापासून जरा दूर धरलेला असतो, तर्जनी वाकवून. हल्ली ती पक्षी काढते तेव्हा पायाखाली फांदी काढते, फांदीला पानं काढते, मागे डोंगर काढते. आणि सगळं जवभर कमी. मी मोजून बघितलं आहे.

मांजर परत टेबलावर यायला लागलं आहे. पण हनुवटी टेकत नाही. दबा धरून बसतं आणि बघत राहतं. हाताकडे नाही. हाताच्या जरा वर.

आज सकाळी मी तिला चहा नेला आणि जुन्या सवयीनं तिच्या डाव्या हाताशी कप धरला. तिनं अंग न हलवता उजवा हात पुढे केला. खांद्यावर मूल झोपलेलं असलं की बाई जपून वागते तशी.

"इकडे द्या, आई," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "तो रिकामा नाहीये."

या घरात कुणासाठी आवाज खाली आणायची मला सवय नाही. पण कप मी टेबलावर ठेवला तो असा, की बशीसुद्धा वाजली नाही.